फोटो शार्प करताना: रेडियस किती, अमाउंट किती आणि थांबायचं कुठे

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण ती नसेल तर पुढचे आकडे नुसते पाठ होतात आणि उपयोग काही होत नाही. शार्पनिंगने फोटोत नवीन डिटेल येत नाही. लेन्सने जे टिपलंच नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून. सॉफ्टवेअर एवढंच करतं की जिथे गडद आणि उजळ भाग एकमेकांना लागतात तिथे गडद बाजू अजून थोडी गडद करतं, उजळ बाजू अजून थोडी उजळ करतं, आणि आपल्याला वाटतं फोटो स्पष्ट झाला. काजळ घातल्याने डोळे मोठे होत नाहीत पण उठून दिसतात ना, तसंच. आपली नजर मुळातच कडा शोधत असते. छटा जिथे बदलते तिथे प्रत्यक्षात नसलेली उजळ आणि गडद रेघ आपल्याला दिसते हे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच मांडलं होतं, आणि सगळं शार्पनिंग नजरेच्या या सवयीवरच चालतं.

म्हणून खरा प्रश्न "किती शार्प करू" हा नाहीच, खरा प्रश्न आहे की हा फोटो कुठे बघितला जाणार आहे आणि त्यातल्या कुठल्या कडा उठून दिसायला हव्यात. मोबाईलच्या स्क्रीनवर, १२ × १८ च्या प्रिंटवर की चौकातल्या फ्लेक्सवर, याचं उत्तर माहीत नसताना स्लायडर ओढत बसण्यात अर्थ नाही.

आता मुळात फोटो सॉफ्ट का येतो तेही थोडक्यात बघू. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट, त्यात प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, त्या अंदाजात थोडा मऊपणा येतोच. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे अजून एक काच असते जी मुद्दाम किंचित ब्लर करते, म्हणजे कपड्यांच्या विणीवर विचित्र पट्टे येऊ नयेत. हा जो मऊपणा आहे तो शार्पनिंगने छान निघतो. लेन्सचा कोपऱ्यातला मऊपणा, लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून एफ १६ किंवा २२ ला येणारा मऊपणा, फोटो लहान केल्यावर येणारा मऊपणा, हेही बऱ्यापैकी निघतात. पण फोकस डोळ्यांऐवजी कानावर गेला असेल किंवा हात हलला असेल तर ते निघत नाही, कितीही ओढा. २०० एमएम ची लेन्स हातात धरून काढताना शटर किमान १/२०० आणि क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, असेल तर १/३०० ठेवा हा जुना नियम आहे, तो कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त कामाचा आहे.

मी इथे जिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय कारण ते फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं, आणि साधा लॅपटॉप असला तरी काम होतं. फोटोशॉपवाल्यांना नावं ओळखीचीच वाटतील. इन्स्टॉल काहीच करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, त्यातही अनशार्प मास्क, म्हणजे शार्प करायचा नेहमीचा फिल्टर, आहे आणि मेनू जवळजवळ फोटोशॉपसारखाच आहे.

तीन स्लायडर

अनशार्प मास्क ही डार्करूमच्या काळातली युक्ती आहे. निगेटिव्हवरून मुद्दाम ब्लर झालेली पॉझिटिव्ह फिल्म बनवायची, ती निगेटिव्हवर बरोबर जुळवून ठेवायची आणि दोन्हीतून मिळून प्रिंट काढायची. सॉफ्टवेअर हेच गणिताने करतं: फोटोची एक ब्लर कॉपी बनवतं, मूळ फोटोतून ती वजा करतं, जो फरक उरतो तो पुन्हा मूळ फोटोत मिसळतं.

आकड्यांत बघा म्हणजे पटकन कळेल. पिक्सेलचा उजळपणा ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असा मोजतात. समजा एका कडेला दगडाचा पिक्सेल ८० आहे आणि शेजारी आकाशाचा १८०. ब्लर केल्यावर दगडाचा १०५ झाला आणि आकाशाचा १५५. फरक निघाला एका बाजूला उणे २५, दुसऱ्या बाजूला अधिक २५. अमाउंट १ ठेवलं तर दगड होईल ५५ आणि आकाश २०५. अमाउंट ०.५ ठेवलं तर साधारण ६८ आणि १९२. म्हणजे अमाउंट म्हणजे तो फरक किती पटीने मिसळायचा. फोटोशॉपमध्ये हेच टक्क्यांत असतं, १ ते ५०० पर्यंत.

रेडियस म्हणजे ब्लर किती पसरलेला, म्हणजेच कडेपासून किती लांबपर्यंत फरक पडणार. लोक सगळा वेळ अमाउंटवर घालवतात पण फोटो बिघडतो तो जास्त करून रेडियसमुळे. रेडियस ०.६ असेल तर अमाउंट बरंच वाढवलं तरी चालून जातं, रेडियस ४ केला की थोड्या अमाउंटलाही डोंगराच्या कडेने पांढरी रेघ दिसायला लागते. त्या रेघेला हॅलो म्हणतात. जिम्पमध्ये फिल्टर उघडल्यावर रेडियस ३ आणि अमाउंट ०.५ आधीच भरलेलं असतं, आणि माझ्या मते हा ३ वेबसाठी लहान केलेल्या फोटोला फार जास्त आहे, पहिलं काम म्हणजे तो खाली आणा.

थ्रेशोल्ड म्हणजे किती फरकापासून पुढे कडा मानायची. शून्य ठेवलं की सगळंच कडा, त्यात गालाची त्वचा आली, निळं आकाश आलं, नॉइज म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे आले. थोडं वाढवलं की बारीक फरक सोडून दिले जातात. जिम्पमध्ये २.१० पासून हे ० ते १ मध्ये आहे आणि फोटोशॉपमध्ये ० ते २५५, त्यामुळे कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमधलं "थ्रेशोल्ड ४ ठेवा" आजच्या जिम्पमध्ये बसतच नाही. तिथे ०.०१, ०.०२ असं अगदी हळू वाढवत न्या.

प्रत्यक्ष एका फोटोवर

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा फोटो घ्या. यादवकाळातलं मंदिर, काळा दगड, भिंतीवर बारीक कोरीवकाम, आणि वर शिखरामागे मोकळं आकाश. शार्पनिंग शिकायला याच्यापेक्षा चांगला विषय नाही, कारण एकाच फोटोत सगळे प्रश्न आहेत: कोरीवकाम उठावदार हवंय, आकाश गुळगुळीत हवंय, आणि शिखराच्या कडेला पांढरी रेघ नकोय.

शार्पनिंग शेवटी करायचं. आधी एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, लेन्स करेक्शन, नॉइज रिडक्शन, क्रॉप आणि फोटो सरळ करणं हे सगळं उरकून घ्या. सरळ करण्यावर जोर देतोय कारण फोटो दीड डिग्री जरी फिरवला तरी सगळे पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि फोटो किंचित मऊ होतो, आधी शार्प करून मग फिरवला तर केलेली मेहनत पुसट होते आणि हॅलो मात्र तसाच राहतो. नॉइजचंही तेच, आधी शार्प केलं तर नॉइजचे ठिपके टोकदार होऊन बसतात आणि मग रिडक्शनला ते डिटेल वाटायला लागतात.

मग लेअरची कॉपी करा, जिम्पमध्ये शिफ्ट कंट्रोल डी. मूळ लेअर खाली तसाच राहू द्या. कीबोर्डवर १ दाबा म्हणजे फोटो शंभर टक्के झूमला येईल, हे चुकवू नका, स्क्रीनला फिट करून बघितलेला फोटो लहान करून दाखवलेला असतो आणि त्यावर शार्पनेसचा निर्णय घेता येत नाही. आता फिल्टर्स, त्यात एन्हान्स, त्यात शार्पन अनशार्प मास्क. प्रिव्ह्यू चालू ठेवा, आणि खाली स्प्लिट व्ह्यू आहे तोही टिक करा, म्हणजे अर्धा भाग आधीचा आणि अर्धा नंतरचा असा शेजारी शेजारी दिसतो.

आता रेडियस ठरवायची माझी पद्धत सांगतो. अमाउंट मुद्दाम खूप वर न्या, ३ वगैरे, फोटो भयानक दिसेल, दिसू द्या. मग रेडियस ०.५ पासून हळूहळू वाढवा आणि नजर कोरीवकामावर ठेवा. एका ठिकाणी छिन्नीच्या रेषा, मूर्तीच्या दागिन्यातले मणी वेगवेगळे सुटे दिसायला लागतील, त्याच्यापुढे गेलात की ते पुन्हा एकमेकांत मिसळून जाड व्हायला लागतील. मिसळायच्या आधीचा जो आकडा तोच तुमचा रेडियस. गोंदेश्वरसारख्या कोरीवकामाला, २४ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा फोटो असेल तर, तो साधारण १ ते १.५ च्या आसपास येतो. मग अमाउंट खाली आणा, इतकं की शार्पनिंग केलंय हे जाणवू नये पण प्रिव्ह्यूचा टिक काढला की कमी झाल्यासारखं वाटावं. बहुतेक वेळा ०.६ ते १ मध्ये थांबाल. शेवटी आकाशाकडे बघा, दाणे दिसत असतील तर थ्रेशोल्ड किंचित वाढवा.

एवढं झालं की लेअरचा मोड बदला, एलसीएच लाइटनेस करा. फोटोशॉपमध्ये याच कामाला ल्युमिनॉसिटी मोड. यामुळे शार्पनिंग फक्त उजळपणावर लागतं, रंगावर नाही, आणि दगडाच्या कडांना जे जांभळे हिरवे काठ येतात ते येत नाहीत.

शिखरामागची पांढरी रेघ तरीही राहिली असेल तर याच्यासाठी एक फार सुंदर उपाय आहे, आणि तो कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं. आपल्याला गडद हॅलो फारसा खटकत नाही, उजळ हॅलो लगेच खटकतो. मग दोघांना वेगळं करून टाका ना. वरचा एलसीएच मोड न लावता शार्प केलेल्या लेअरची अजून एक कॉपी करा म्हणजे दोन शार्प लेअर होतील, एकाला डार्कन ओन्ली मोड आणि ओपॅसिटी शंभर, दुसऱ्याला लायटन ओन्ली मोड आणि ओपॅसिटी ३० ते ४०. कोरीवकाम तितकंच उठावदार राहतं आणि शिखराची पांढरी किनार जवळजवळ गायब होते. सह्याद्रीच्या डोंगररांगांचे आकाशासकट काढलेले फोटो, विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, सगळीकडे हे चालतं. मंदिरासमोर उभं राहून तासभर प्रकाशाची वाट बघितलेली असते, मग शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्याभोवती पांढरी रेघ का मारायची.

मास्कचं पण बघून घ्या. शार्प लेअरवर राइट क्लिक, अ‍ॅड लेअर मास्क, त्यात ब्लॅक निवडा म्हणजे शार्पनिंग पूर्ण झाकलं जाईल, मग मऊ ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने फक्त भिंतीवरून फिरवा. जिथे पांढरा लागला तिथेच शार्प. आकाशाला हात लागतच नाही.

जिम्प ३.० आलंय, मार्च २०२५ मध्ये, आणि त्यात फिल्टर लेअरवर जिवंत राहतो, म्हणजे नंतर लेअरच्या यादीतल्या एफएक्सच्या खुणेवर जाऊन आकडे बदलता येतात. जुन्या जिम्पमध्ये एकदा ओके केलं की बदलायला अनडू शिवाय मार्ग नव्हता. नवीन मशीन असेल तर सरळ ३ टाका. फोटोशॉपमध्ये यासाठी लेअर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा.

विषयाप्रमाणे आकडे बदलतात

पक्षी. भिगवणला होडीतून काढलेला रोहितचा किंवा चित्रबलाकाचा फोटो असेल तर पिसं फार बारीक असतात, रेडियस ०.५ ते ०.८, अमाउंट जरा जास्त, आणि मागचं पाणी ब्लर आहे तिथे शार्पनिंगचा थेंबही नको, कारण तिथे फक्त नॉइज आहे. इथे ब्रशने मास्क करायलाच लागतं. डोळा, चोच आणि मानेची पिसं यांना पूर्ण, पंखाला निम्मं, पाण्याला शून्य. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका असेल तर त्याच्यावर वेगळं लहान ब्रशने थोडं जास्त दिलं की पक्षी जिवंत वाटतो.

माणसं. आजीचा फोटो काढलाय, चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, त्या सुंदर आहेत पण त्या ओरबाडल्यासारख्या दिसू नयेत. डोळे, भुवया, ओठांची कड, नथ, केसांची सुरुवात एवढंच शार्प करा, गाल कपाळ सोडून द्या. लहान मुलांच्या चेहऱ्याला तर अजून कमी. पैठणीचा जरीचा पदर असेल तर तिथे सांभाळून, बारीक नियमित विणीवर शार्पनिंग केलं की लाटांसारखे पट्टे उठतात, मोअरे म्हणतात त्याला, आणि ते आधीच थोडे असतील तर शार्पनिंगने दुप्पट दिसतात. तिथे मास्कमध्ये काळा ब्रश मारून ठेवा.

कमी उजेडातले फोटो, संध्याकाळची आरती, वारीतला मुक्काम, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० ला नेऊन काढलेले. इथे मुळात अपेक्षा कमी ठेवा. थोडा नॉइज राहिला तरी चालतो, चेहरे मेणाचे झाले तर नाही चालत.

लांबचे डोंगर. राजगडावरून तोरणा काढला आणि मध्ये धुरकट हवा आहे, तर त्याला अनशार्प मास्क नेहमीच्या आकड्यांनी काहीच करणार नाही, कारण तिथे कडाच पुसट आहेत. इथे उलटं करा, रेडियस ५० आणि अमाउंट ०.१५ ते ०.२. हेच फिल्टर, पण आता ते बारीक कडांऐवजी मोठ्या भागांमधला कॉन्ट्रास्ट वाढवतं आणि डोंगराच्या घड्या दिसायला लागतात. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमधला क्लॅरिटी स्लायडर साधारण याच जातीचं काम करतो. हे केल्यावर मग वेगळं बारीक रेडियसचं शार्पनिंग लागलं तर करा.

कागदपत्रं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण घरोघरी लोक मोबाईलवर जुने सातबारा, खरेदीखतं, आजोबांची पत्रं, मोडीतले कागद टिपून ठेवतायत. इथे सौंदर्याचा प्रश्न नाही, अक्षर वाचता आलं पाहिजे. फोटो ग्रेस्केल करा, लेव्हल्सने कागद उजळ आणि शाई गडद करा, मग रेडियस १.५ ते २.५ आणि अमाउंट १ च्या वर गेलं तरी हरकत नाही, हॅलो आला तरी चालेल. मोडीत एका ओळीत अक्षरं जोडून लिहिलेली असतात आणि शाई पसरलेली असते, तिथे रेडियस जास्त केला की दोन अक्षरांमधली बारीक फट बुजते, म्हणून दोन तीन वेगवेगळ्या रेडियसच्या कॉपी करून वाचायला शेजारी ठेवा. आणि मूळ फोटो कधीही ओव्हरराइट करू नका, शार्प केलेली फाइल वेगळ्या नावाने.

याच जागी एआयवाल्या शार्पनिंगबद्दल बोलतो. टोपाझ आणि तशी बरीच टूल्स आता आहेत, आणि पक्ष्यांच्या, प्रवासाच्या फोटोंवर ती खरंच चांगलं काम करतात, किंचित हुकलेला फोकस सावरून देतात. पण ती कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवून थांबत नाहीत, अशा ठिकाणी काय असायला हवं याचा अंदाज करून ते रंगवतात. पिसांच्या बाबतीत अंदाज चुकला तरी कुणाचं नुकसान नाही. शिलालेख, ताम्रपट, मोडी कागद, जुन्या फोटोतला पणजोबांचा चेहरा, इथे अंदाज चालत नाही. अक्षराचा एक काना टूलने स्वतःहून भरला किंवा खोडला तर वाचणारा चुकीचं वाचणार, आणि चेहऱ्याचं तर असं की दिसायला स्पष्ट माणूस मिळेल पण तो आपला पणजोबा असेलच असं नाही. अशा फोटोंना साधा अनशार्प मास्कच वापरा, तो जे आहे तेच ठळक करतो.

मधल्या जातीचं अजून एक तंत्र आहे, डीकन्व्होल्यूशन, ज्यात ब्लर कसा झाला असेल ते गृहीत धरून उलटं गणित करतात. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि ल्यूसी यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत, आणि १९९० मध्ये हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत तिचे फोटो सुधारायला हीसुद्धा वापरली गेली. आज तीच रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर शार्पनिंग या नावाखाली फुकट मिळते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेली मूळ फाइल, असेल तर तिथे ते नुसतं चालू करा, बाकी काही हलवू नका, सेन्सरचा जो सुरुवातीचा मऊपणा मी वर सांगितला तो स्वच्छ निघतो. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये रिमूव्हच्या समोर लेन्स ब्लर निवडा, गॉशियनपेक्षा बारीक डिटेलला ते बरं पडतं.

लाइटरूमवाल्यांना एकच गोष्ट सांगायची आहे ती मास्किंग स्लायडरची. तो ओढताना कीबोर्डवर ऑल्ट दाबून धरा, मॅकवर ऑप्शन, फोटो काळा पांढरा होईल, पांढरं तिथे शार्पनिंग लागतंय आणि काळं तिथे नाही. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढा. अमाउंट, रेडियस, डिटेल या बाकीच्या तिन्ही स्लायडरवरही ऑल्ट चालतं.

मोबाईलवर स्नॅपसीड हे अ‍ॅप. टूल्समध्ये डिटेल्स, त्यात स्ट्रक्चर आणि शार्पनिंग असे दोन आहेत. स्ट्रक्चर पोत वाढवतं, ते फार जपून वापरा, कारण मोबाईल कॅमेऱ्याने फोटो आधीच स्वतःच शार्प करून दिलेला असतो आणि त्यावर अजून केलं की झाडाची पानं कुरकुरीत, कोरडी दिसायला लागतात. १० ते १५ च्या पुढे क्वचितच जावं लागतं. डोळ्यांपुरतं करायचं असेल तर एडिट्सच्या यादीत जाऊन तिथला ब्रश घ्या आणि हवं तिथेच रंगवा.

शेवटचं शार्पनिंग, म्हणजे फोटो जिथे जाणार तिथलं

ब्रूस फ्रेझर नावाचे एक जाणकार होते, त्यांनी शार्पनिंग तीन टप्प्यांत करायची शिस्त घालून दिली: आधी कॅमेऱ्याचा मऊपणा काढण्यापुरतं हलकं, मग फोटोच्या विषयाप्रमाणे निवडक ठिकाणी, आणि शेवटी जिथे दाखवायचा त्याप्रमाणे. आत्तापर्यंत आपण पहिले दोन टप्पे केले. तिसरा बहुतेक लोक सोडून देतात आणि मग म्हणतात की कॉम्प्युटरवर छान दिसत होता, टाकल्यावर सॉफ्ट झाला.

ऑनलाइन टाकायचा असेल तर आधी स्वतः लहान करा. इन्स्टाग्रामवर उभा फोटो १०८० × १३५० असा बसतो, तर ६००० पिक्सेलची फाइल तशीच टाकून त्यांच्या मशीनवर सोडू नका. जिम्पमध्ये इमेज, स्केल इमेज, इंटरपोलेशन नोहॅलो किंवा क्युबिक. लहान झाल्यावर सगळे लेअर एकत्र करून पुन्हा एक अनशार्प मास्क, या वेळी रेडियस ०.३ ते ०.५, अमाउंट ०.४ च्या आसपास, बस. मग एक्सपोर्ट अ‍ॅज, जेपेग, क्वालिटी ९० च्या पुढे. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं आणि कमी क्वालिटीवर शार्प कडांभोवती कचरा जमा होतो, त्यामुळे जास्त शार्प फोटो जास्त दाबला की दुप्पट घाण दिसतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो शार्प करायला घेऊ नका, मूळ फाइल मागा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

प्रिंटचं गणित वेगळं. ३०० पीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल, ला छापताना २ पिक्सेल म्हणजे कागदावर साधारण ०.१७ मिलिमीटर, हातभर अंतरावरून तो हॅलो दिसतच नाही. तोच २ पिक्सेलचा हॅलो १०० पीपीआयच्या मॉनिटरवर अर्धा मिलिमीटर होतो आणि खटकतो. म्हणून प्रिंटसाठी फोटो स्क्रीनवर थोडा जास्तच शार्प दिसायला हवा, तिथे घाबरून कमी करू नका. जुना ठोकताळा असा की पीपीआय भागिले २००, म्हणजे ३०० ला रेडियस १.५. बघताना झूम ५० टक्के ठेवा, प्रिंटच्या जवळचा अंदाज येतो. १२ × १८ इंच प्रिंट ३०० ला म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल, २४ मेगापिक्सेलच्या ६००० × ४००० मधून ते आरामात निघतं. मॅट कागद शाई पितो, त्याला ग्लॉसीपेक्षा अमाउंट जास्त लागतं. लाइटरूममध्ये एक्सपोर्ट करताना आउटपुट शार्पनिंगमध्ये स्क्रीन, मॅट, ग्लॉसी असे पर्याय आहेत ते याचसाठी.

फ्लेक्ससाठी तर पिक्सेल ताणले जातात, तिथे ५ पिक्सेलचा हॅलो बोटभर जाड होऊन बसू शकतो. पण फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे बारीक डिटेलची गरजच नसते. चेहऱ्याच्या मोठ्या कडा, अक्षरं, तेवढं पुरे, आणि कुठे पांढरी किनार दिसतेय का ते द्यायच्या आधी तपासा.

मोठी प्रिंट करायच्या आधी चाचणी करून घ्या, खर्च अगदी थोडा आहे. ज्या मापाला प्रिंट करायची आहे त्या मापाला फोटो नेऊन ठेवा, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे डोळे किंवा कोरीवकाम, अंदाजे २ इंच रुंद आणि ४ इंच उंच असा कापा, त्याच्या तीन कॉपी ४ × ६ च्या एका कॅनव्हासवर शेजारी शेजारी ठेवा, एकीला अमाउंट ०.५, दुसरीला १, तिसरीला १.५. कोपऱ्यात आकडे टाइप करा. लॅबवाल्याला सांगा की तुमच्याकडून काही शार्पनिंग, काही करेक्शन करू नका, फाइल आहे तशी छापा, आणि ज्या कागदावर मोठी काढायची आहे त्याच कागदावर. प्रिंट हातात आली की घरी जिथे फ्रेम लावणार त्या भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली, तितक्याच अंतरावरून बघा. तिघांत जो बरा वाटेल त्याचा आकडा, कागदाचं नाव आणि लॅबचं नाव त्याच प्रिंटच्या मागे पेनने लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्या कागदासाठी सुरुवात तिथूनच करता येते.